बाहीवरचा नंबर: सुटे आकडे, चिकटपट्टी आणि बेनचं मशीन

आमच्या घरात दोन स्काऊट. थोरला सोळा वर्षांचा, धाकटी तेराची. दोघांत मिळून आजवर तीन शर्ट झाले आणि त्या तीन शर्टांच्या डाव्या बाहीवर नंबर लावायची वेळ आली सहा वेळा. हा हिशेब कसा लागतो ते सांगायलाच लिहायला बसलेय. न्यू जर्सीतल्या एडिसन-इसेलिनच्या बाजूला राहणाऱ्या आणि या वर्षी पोराला किंवा पोरीला कब स्काऊटमध्ये घालणाऱ्या मराठी आईबापांचे पैसे आणि बोटं वाचावीत, एवढीच इच्छा.

अमेरिकेत स्काऊटच्या प्रत्येक युनिटला नंबर असतो. लहान मुलांचा पॅक (हेच कब स्काऊट), त्याच्या पुढच्यांचा ट्रूप, मोठ्या मुलामुलींचा क्रू, पाण्यावरचं शिकणाऱ्यांचं शिप. नंबर जास्तीत जास्त चार आकडी. संस्थेच्या संगणकात तर सगळेच चार आकडी दिसतात, लहान नंबरांपुढं शून्यं लावून. मुलं एकमेकांना भेटली की गाव विचारत नाहीत, नंबर विचारतात. आमचा थोरला अजूनही कुठल्या तरी मुलाचा उल्लेख "तो एकशे चाळीसवाला" असा करतो. नाव काय त्याचं? माहीत नाही.

मी स्वतः मिरजेच्या शाळेत गाईड होते. आमच्या पथकालाही नंबर असणारच, पण तो बाईंच्या रजिस्टरात. आम्हाला आठवते ती बाईंची शिट्टी, डाव्या हातानं केलेलं हस्तांदोलन आणि 'खरी कमाई'साठी शाळेच्या फाटकाशी विकलेली भेळ. लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या जावेकडं तिसरीच तऱ्हा. तिकडं नंबर गावाच्या नावाला चिकटून येतो, 'फर्स्ट अमुक', 'फिफ्थ तमुक', आणि अगदी छोट्या मुलांपासून मोठ्या स्काऊटपर्यंत अख्खा ग्रुप त्या एकाच नावाखाली. दोन ग्रुप एक झाले तर कधी कधी दोन्ही नंबर मध्ये तिरकी रेघ मारून लिहितात. माहेर-सासर दोन्ही आडनावं लावणाऱ्या बायकांसारखं.

इथं मात्र नंबर अंगावर घालायचा असतो, आणि तिथंच सुई-दोऱ्याचा संबंध येतो.

आमचा नंबर मी इथं लिहिणार नाही. मुलांचा ठावठिकाणा उघड करायचा नाही असं आमच्या कमिटीत ठरलंय आणि मी त्या कमिटीत आहे. इतकं सांगते: तीन आकडी आहे, पहिला इंग्रजी सहा, शेवटचा इंग्रजी नऊ, आणि मधला असा की उलटा धरा नाहीतर सुलटा, तोच राहतो. शिवणाऱ्या माणसासाठी यापेक्षा अवघड नंबर शोधून सापडायचा नाही. आपल्याकडं न पटणाऱ्या दोघांना छत्तीसचा आकडा म्हणतात, तोंडं दोन दिशांना म्हणून. इंग्रजी सहा-नवाचं तसं नाही. ती भावंडं आहेत, एकाला उलटं टांगलं की दुसऱ्याच्या जागी मुकाट जाऊन बसतं.

सुटे आकडे

स्काऊटचं सामान मिळतं तिथं हे सुटे मिळतात. भरतकाम केलेला एकेक चौकोनी पॅच, एकावर एक आकडा. कब स्काऊटसाठी लाल कापडावर पांढरा आकडा, ट्रूपच्या शर्टासाठी हिरवा. म्हणजे पॅक आणि ट्रूप यांचा नंबर एकच असला, आणि आमचा तसा आहे कारण दोन्ही एकाच चर्चच्या तळघरात भरतात, तरी कबचे आकडे पुढं चालत नाहीत. नंबर तोच, पैसे परत. ज्यानं कुणी हे रंग ठरवले त्याला धंदा कळत होता.

कापड आणि भरतकाम उत्तम. निळ्या शर्टावरचे आमचे लाल आकडे दोन मुलांनी मिळून सहा वर्षं वापरले. चिखल लागला, पॅनकेकचं सिरप सांडलं, पण रंग गेला नाही की धागा निघाला नाही. तक्रार एकच. आकड्याची वरची बाजू कोणती याची कुठं खूण नाही. एक, चार, सात वाल्यांना काही फरक पडत नाही. आमच्यासारख्यांना पडतो. पाचपैकी साडेतीन.

जागेचा नियम पक्का आहे आणि तो घरी चुकतोच. डाव्या बाहीवर सगळ्यांत वर, खांद्याच्या शिवणीला लागून काउन्सिलची, म्हणजे संस्थेच्या विभागीय शाखेची, पट्टी. तिच्या खाली, तिला टेकून, नंबर. मध्ये फट नको. युनिट पंचवीस किंवा पन्नास वर्षांचं जुनं असेल तर तसं सांगणारी अरुंद पट्टी या दोघांच्या मधोमध येते, म्हणजे नंबर खाली सरकतो. त्याच्या खाली मुलाच्या हुद्द्याचा बॅज. उजवी बाही सोपी, वर अमेरिकेचा झेंडा. पण डावी बाही म्हणजे भाड्याच्या खोलीत संसार मांडल्यासारखं, कोण कुठं बसणार ते आधी ठरवावं लागतं.

चिकटपट्टी

पहिली वेळ. थोरला पहिलीत, मला नोकरी, रात्री साडेदहा वाजलेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाईनवुड डर्बी, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेल्या छोट्या गाड्यांची शर्यत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी मिळते, ती कापली, आकड्यांच्या मागं लावली, दाबली. दहा मिनिटांत काम. मी स्वतःवर इतकी खूश झाले की चहा करून प्यायले.

गाडीला तिसरा नंबर मिळाला आणि बाहीवरचा मधला आकडा शर्यतीच्या ट्रॅकखाली कुठंतरी राहिला. सगळ्या फोटोंत माझा मुलगा दोन आकडी पॅकचा आहे. उरलेले दोन पहिल्या धुण्यात सुटले, पण चिकटपणा शर्टावरच राहिला आणि त्यावर वर्षभर लोकर, केस, बिस्किटाचा चुरा जे मिळेल ते जमत गेलं. पाचपैकी एक, तोही पाकीट सहज फाटलं म्हणून.

हातशिलाई आणि नवऱ्याची इंजिनिअरिंग

दुसरी वेळ मी हातानं शिवलं. मिरजेत शिवणाच्या तासाला मला बरे मार्क असायचे, तो गर्व होता. टाके खरंच सुरेख आले. आठवडाभरानं डेन लीडरनं (पॅकमधल्या छोट्या गटाच्या प्रमुखानं) मला हळूच विचारलं की तुम्ही दुसऱ्या पॅकमध्ये जाताय का? मी सहा उलटा लावला होता. माझा मुलगा आठवडाभर नऊशेच्या घरातल्या कुठल्यातरी पॅकचा म्हणून फिरत होता आणि त्याला स्वतःला पत्ता नव्हता, कारण स्वतःची बाही कुणालाच दिसत नाही.

तिसऱ्या वेळी बेन भेटल्या. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचंच आहे, पण आधी चौथी वेळ उरकते, कारण ती नवऱ्याची आहे आणि तो हे वाचणार आहे. २०२० चा वसंत. थोरल्यानं कबमधून ट्रूपमध्ये जायचं, नवा खाकी शर्ट आणलेला, आणि सगळी दुकानं बंद. बेनचंही. नवऱ्यानं फूटपट्टी, खडू आणि भिंतीवर फोटो लावताना वापरतात ते पाणसळ काढलं. यूट्यूब लावलं. शेजारणीचं मशीन आणलं. नंबर एकदम सरळ लागला, पाणसळाची शपथ. फक्त बाहीची वरची आणि खालची बाजू एकत्र शिवली गेली होती आणि हात आतच जाईना. नशिबानं समारंभ झूमवर होता. पोरानं शर्ट खांद्यावर शालीसारखा घेतला आणि मान डोलावत प्रतिज्ञा म्हटली. पाचवी वेळ अर्थात त्याच शर्टाची, दुकान उघडल्यावर, बेनकडं.

बेन

ओक ट्री रोडच्या मुख्य गर्दीतून एक वळण आत, किराण्याच्या मागच्या अंगाला त्यांचं ऑल्टरेशनचं दुकान आहे. पाटीवर ब्लाउज, चनिया-चोली, पँट, फॉल-पिको एवढंच लिहिलंय. स्काऊटचं कुठं नाव नाही. मला एका गुजराती आईनं सांगितलं, तिला एका तेलुगू आईनं. बेन मूळच्या नवसारीच्या, साठीच्या आसपास, चष्मा नाकाच्या टोकावर. माझ्याशी हिंदी, फोनवर गुजराती, मशीनशी काहीच नाही.

मी शर्ट आणि तीन सुटे आकडे पुढं केले. त्यांनी एक पॅच उचलला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आ छ छे के नव?"

तेव्हाच मला कळलं की आपण योग्य माणसाकडं आलोय. जिला प्रश्न पडतो तिच्या हातून चूक होत नाही. त्यांनी प्रत्येक पॅचच्या मागं वरच्या बाजूला खडूनं एक टिंब काढलं. मग नंबर एका जाड वहीत लिहून घेतला. त्या वहीत ब्लाउजच्या मापांच्या मागच्या पानांवर आसपासच्या पॅक-ट्रूपचे नंबर आहेत आणि प्रत्येकापुढं बारीक गुजराती अक्षरात काहीतरी टिपण. कुणाची जुनेपणाची पट्टी आहे, कुणाचा पॅच अखंड आहे, कुणाला घाई असते. ही वही काउन्सिलच्या ऑफिसनं बघायला हवी.

काम कसं करतात ते मी उभी राहून बघितलं. आधी तिन्ही आकडे कडेला कडा लावून टेबलावरच एकमेकांना जोडतात आणि मग तो तुकडा बाहीवर ठेवून धावदोरा घालतात. वरून दोरा पॅचच्या काठाच्या रंगाचा, बॉबिनला शर्टाच्या रंगाचा. त्यामुळं बाहेरून टीप दिसत नाही आणि आतून कुठला दोरा ओढायचा तेही कळतं. "बच्चा बडा होगा, निकालना पडेगा ना," असं त्या म्हणाल्या. काही खाकी शर्टांच्या डाव्या बाहीवर खिसा असतो, घाईत शिवलं तर तो कायमचा बंद होतो. बेन खिशात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून मग शिवतात. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. माझ्या वेळी त्यावर गणपती होता.

दर पॅचला तीन डॉलर, नंबरचे तिन्ही आकडे मिळून एकच पॅच धरतात. अख्खा नवा शर्ट, दोन्ही बाह्या आणि खिशावरचं सगळं, वीस डॉलर. एका आठवड्यात देतात. मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरात तीन आठवडे धरा, आणि नवरात्राच्या आधी जाऊच नका. नवरात्राच्या आधी एकदा मी गेले होते, मला चनियांच्या ढिगाऱ्यामागं बेन दिसल्याच नाहीत.

नंबर ठरला कसा

आता सहाव्या वेळेकडं येते. ती समजायला थोडी मागची गोष्ट लागेल.

इथली ही संस्था १९१० ते २०२५ 'बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका' होती, आता 'स्काउटिंग अमेरिका' आहे. कबमध्ये मुलींना २०१८ पासून घेऊ लागले, ट्रूपमध्ये १ फेब्रुवारी २०१९ पासून. (गर्ल स्काऊट ही वेगळी संस्था, १९१२ पासूनची. माझ्या शेजारणीची मुलगी तिथं आहे. तिथं नंबर काउन्सिल देतं, आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तिचा पाच आकडी आहे, कुणाच्या तरी फोन नंबरचा तुकडा वाटावा असा.) इथं तेव्हा मुलींचा ट्रूप वेगळाच काढावा लागायचा, स्काऊटमास्टर वेगळा, पण चर्च आणि कमिटी मुलांच्या ट्रूपशी सामाईक ठेवता येते. असे दोन ट्रूप जोडलेले मानतात, आणि जोडलेल्यांना नंबरही एकच घेता येतो. घेता येतो, घ्यावाच असं नाही. बाकी नियम सरळ आहे. एका काउन्सिलमध्ये एका नंबरचा एकच ट्रूप. नंबर मागायचा प्रायोजक संस्थेनं, मोकळा असेल तर द्यायचा काउन्सिलनं.

२०२३ च्या मार्चमध्ये आमच्याकडं पाच मुली जमल्या, नवं युनिट काढायला तेवढ्या लागतातच. चर्चच्या तळघरात कमिटी बसली. मी आयुष्यात बऱ्याच मीटिंगा बघितल्यात, सोसायटीच्या पार्किंगच्या बघितल्यात, पण तीन आकड्यांवर दोन तास चाललेली ही पहिली.

एका काकांनी एकशे आठ सुचवला. जपमाळेचे मणी, शुभ, आणि अर्ध्या मुली आपल्याच. मी म्हटलं, काका, माझ्या माहेरी एकशे आठ म्हणजे रुग्णवाहिका बोलवायचा नंबर. एका बाईंनी एकोणीसशे वीस मांडला, अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क घटनेत आला ते वर्ष. मला तो मनापासून आवडला, पण चार आकडे. एका अंकशास्त्रवाल्या बाबांनी प्रत्येक नंबराची बेरीज काढायला सुरुवात केली आणि सगळ्याच बेरजा त्यांना वाईट निघाल्या. आमच्यातल्या एका माजी सैनिकानं सांगितलं की त्याच्या लहानपणी ट्रूपनं आपल्या प्रायोजक लिजन पोस्टचाच, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेचाच, नंबर घेतला होता, कुणाला लक्षात ठेवायचा त्रास नको. आणि एक जण शांतपणे म्हणाला, मुलांच्या नंबरात एक मिळवा. तो अकाउंटंट आहे.

सगळ्यांत वजनदार मुद्दा एका आईनं मांडला. ती म्हणाली, तोच नंबर घेतला तर या मुली कायम मुलांच्या ट्रूपचं शेपूट म्हणून ओळखल्या जातील. स्वतःचं नाव मिळवायला स्वतःचा नंबर हवा. कुणी काही बोलेना. मला तेव्हा वाटलं ही बरोबर आहे.

शेजारच्या खोलीत मुली गाठी बांधत बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, त्यांना विचारलंय का? नव्हतं विचारलं. बोलावल्या. त्यांचं दहा मिनिटांत ठरलं. पाचपैकी तिघींचे भाऊ मुलांच्या ट्रूपमध्ये होते, आणि भावांचे तोकडे झालेले शर्ट घरात पडून होते, त्यांवर नंबर आधीच शिवलेला. तोच नंबर घेतला तर शर्ट फुकट, उसवायचं नाही, शिवायचं नाही. चौथीनं विचारलं, मग मला कुणाचा? ट्रूपच्या जुन्या कपड्यांच्या पेटीतून दोन शर्ट निघाले. पाचवी म्हणाली मला नवाच पाहिजे, तिला नवा.

एकशे आठ, एकोणीसशे वीस, अंकशास्त्र, सगळं एका तोकड्या बाहीपुढं हरलं. माझी धाकटी त्या तिघींतली एक. लॉकडाऊनमध्ये बापानं हातासकट शिवलेला आणि नंतर बेननं सोडवलेला तो शर्ट आता तिच्या अंगात आहे. निळा कबचा शर्टही तिनं भावाचाच वापरला होता. म्हणून दोन मुलं आणि तीनच शर्ट.

एकच नंबर वापरून बघितल्यावर

दोन वर्षांचा अनुभव सांगते. शेपटाची भीती दाखवणारी आई निम्मी बरोबर निघाली. कागदावर मुलांच्या ट्रूपच्या नंबरापुढं बी आणि मुलींच्या पुढं जी असं अक्षर येतं, बाहीवर मात्र काही येत नाही. त्यामुळं समर कॅम्पला पहिल्या वर्षी जे व्हायचं ते झालं. दोन्ही ट्रूप एकाच आठवड्यात गेले. मुलींचे टी-शर्ट मुलांच्या तंबूत पोचले. औषधांचे फॉर्म एकाच फोल्डरमध्ये, आणि माझ्या मुलीच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीची नोंद कुणा चौदा वर्षांच्या मुलाच्या नावाखाली. हे वेळीच लक्षात आलं, पण मला त्या रात्री झोप नव्हती. जेवणघरात नंबराची एकच पाटी, एकच टेबल, आणि मुलींच्या वाट्याचं पीच कॉब्लर मुलांनी हिशेबात धरून खाल्लं. स्टेजवरून नंबर पुकारला की मुलं उठायची. मुलींना वाटायचं आपल्याला नाही, त्या बसून राहायच्या.

दुसऱ्या वर्षी मुलींनीच उपाय काढला. नंबर पुकारला की दोन्ही ट्रूप उठतात आणि पुकारणाऱ्याला ठरवू देतात कोण हवंय. एकदा सफाईच्या कामासाठी पुकारलं तेव्हा मात्र दोन्हीकडचे बसून राहिले. फॉर्मचं फोल्डर मी आता दोन रंगांत करते. एकच नंबर वापरणार असाल तर बाकी काही करू नका, पण हे पहिल्या दिवशी करा.

त्याच कॅम्पला एक वयस्क स्वयंसेवक भेटले, धनुर्विद्येच्या मैदानावर. धाकटीच्या बाहीकडं बघून त्यांनी विचारलं, हा नंबर तुम्हाला कुठं मिळाला? ते स्वतः सत्तरच्या दशकात त्याच नंबराच्या ट्रूपमध्ये होते. गाव वेगळं, चर्च वेगळं. तो ट्रूप कधीच बंद पडला. बंद पडलेल्या युनिटचा नंबर मोकळा होतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला जातो, हे मला कमिटीत असूनही तोवर नीट उमगलं नव्हतं. २०१९ च्या अखेरीस मॉर्मन चर्चनं या संस्थेशी संबंध संपवला. तोवर युनिटांचा सगळ्यांत मोठा प्रायोजक तेच होते, तेव्हा किती नंबर एकदम मोकळे झाले असतील याची कल्पना करा. दोन काउन्सिलं विलीन झाली की याच्या उलट होतं, एका नंबराचे दोन धनी निघतात आणि मग कुणी पुढं एक आकडा जोडतं, कुणी नवा घेतं. त्या गृहस्थांनी धाकटीला बाही वळवायला सांगितली, नीट बघितलं आणि म्हणाले, "आमचा लाल होता, पांढरे आकडे." तिला वाटलं ते कबबद्दल बोलतायत. ट्रूपचे आकडेही तेव्हा लालच असायचे, हिरवे २००८ च्या गणवेशापासून. जाताना तिनं त्यांना पाण्याची बाटली भरून दिली आणि आपल्या नेमबाजीकडं वळली. तिचा एकही बाण लागला नव्हता, तिला त्याची जास्त चिंता होती.

अखंड पॅच

सहावी वेळ. थोरल्याला मागच्या वर्षी मोठा शर्ट घ्यावा लागला आणि मी ठरवलं, आता सुट्या आकड्यांचा खेळ बास. ऑनलाइन एका ठिकाणी तिन्ही आकडे एकाच तुकड्यावर भरून मिळतात. पंचवीसच्या खाली ऑर्डर घेत नाहीत, तर पंचवीस मागवले, दोन्ही ट्रूपला होतील म्हणून. तीन आठवड्यांत आले. भरतकाम सुट्यांपेक्षा किंचित विरळ, काठ मात्र जाड आणि सुबक.

बेनकडं नेला. त्यांनी सवयीनं फिरवून बघितला. पुन्हा फिरवला. मग खडू खाली ठेवला आणि हसायला लागल्या. पहिला सहा, शेवटचा नऊ, मधला कसाही सारखा. आमचा अखंड नंबर उलटा केला तरी तोच वाचला जातो. खडूचं टिंब काढायची गरजच नाही. इतकी वर्षं ज्या नंबरानं छळलं तो एका तुकड्यात आल्यावर जगातला सगळ्यांत सज्जन नंबर निघाला.

पाचपैकी चार. एक गुण कापला कारण पंचवीसपैकी सहाच खपले. बाकीच्यांच्या शर्टावर सुटे आहेतच आणि चांगले आहेत, त्यामुळं एकोणीस माझ्या कपाटात स्वेटरांखाली पडलेत. शिवाय सुट्यांना एक फायदा आहे जो अखंडाला नाही. ट्रूपमधली एक मुलगी मागच्या उन्हाळ्यात डॅलसला गेली. तिच्या आईनं आकडे उसवून बरोबर नेले, आणि तिकडच्या ट्रूपच्या नंबरात आमचा नऊ उलटा करून सहा म्हणून लावला. फोटो पाठवला होता. टाके बघूनच कळलं की तिथं कुणी बेन नाहीत.

ज्यांना बेनकडं जायचंय त्यांच्यासाठी: सोमवारी बंद. रोख द्या, कार्डाचं मशीन आहे पण ते बहुधा चार्ज केलेलं नसतं. शर्ट धुऊन न्या, चिकटपट्टीचा डिंक असेल तर त्या हात लावत नाहीत आणि ते योग्यच आहे. जुन्या शर्टाच्या दोन्ही बाह्यांचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि चिठ्ठीवर नुसता नंबर लिहू नका, मुलाचं नावही लिहा. मागच्या सप्टेंबरात आमच्या नंबराचे चार शर्ट त्यांच्याकडं एकदम होते, दोन मुलांचे आणि दोन मुलींचे, आणि आमच्या घरी जो आला तो कुणा दुसऱ्याचाच होता, खिशात च्युइंगम असलेला. बदलायला गेले तर बेन म्हणाल्या, "नंबर तो वही है." खरं होतं ते.

मोठा शर्ट सध्या थोरल्याच्या अंगात आहे. धाकटी दर महिन्याला तो घालून बघते. बाही अजून मनगटाच्या दोन बोटं खाली येते.